फुकटच्या फिल्टरखाली दडलेला दोष

सेकंडहँड वाइड अँगल लेन्स, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी कॅमेऱ्याची लेन्स, घेताना मी फसलो. तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लिहितोय.

विकणारा गोड बोलणारा होता. पुढची काच लख्ख, झूमची रिंग अलगद फिरणारी, वर ‘यूव्ही फिल्टर तुम्हाला असाच देतो’ म्हणाला. हा फिल्टर म्हणजे लेन्सच्या पुढच्या रिंगवर फिरवून बसवायची संरक्षक काच. मी दोन-चार फोटो काढले, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मधला भाग मोठा करून पाहिला आणि पैसे देऊन मोकळा झालो.

घरी कॉम्प्युटरवर फोटो उघडले आणि पोटात गोळा आला. उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यातली झाडाची पानं एकमेकांत मिसळून गेली होती. बाकीचे तीन कोपरे मात्र स्वच्छ. फिल्टर काढायला गेलो, तर तो हलेना. शेवटी दुरुस्तीवाल्याने तो काढला, तेव्हा खालची रिंग एका बाजूला चेपलेली दिसली, पकडीने सरळ केल्याचे ओरखडेही होते. मग त्याने माउंटच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या मागच्या भागाच्या, स्क्रूंवर बोट ठेवलं. खाचा झिजलेल्या. “ही पडलीय, आणि कुणीतरी उघडून परत बसवलीय.” आतली एक काच मध्यापासून सरकली होती. याला डिसेंटरिंग म्हणतात, आणि ते नीट करणं प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या हातातलं काम नसतं.

विकणाऱ्याला फोन केला. “तुम्ही तपासूनच घेतली होती ना?” एवढंच बोलला, नंतर फोन उचललाच नाही. फिल्टर त्याने का दिला, ते तेव्हा कळलं.

वाइड अँगलमध्ये हा दोष सहज लपतो. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे फोटोत जवळून लांबपर्यंत स्पष्ट दिसणारा पट्टा, मुळातच जास्त. त्यात अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं छिद्र, एफ/११ इतकं लहान ठेवलं की कोपऱ्यातला बराच धूसरपणा झाकला जातो. माझे चाचणीचे फोटो नेमके त्याच अ‍ॅपर्चरवर होते. म्हणून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून विटांच्या सपाट भिंतीसमोर अगदी सरळ धरा आणि चारही कोपरे पूर्ण मोठे करून बघा. एकच कोपरा मऊ दिसला, तर कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो घ्या. धूसरपणा फोटोच्या त्याच कोपऱ्यात राहिला, तर दोष लेन्समध्ये आहे. भिंतीच्या त्याच भागाबरोबर सरकला, तर कॅमेरा तिरका धरला गेला होता. झूम असेल तर हे दोन्ही टोकांना करा.

लेन्समध्ये बुरशी आहे का ते बघायला मागून टॉर्च मारून पुढून तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती लेन्स घेऊच नका, बुरशी काचेवरचं कोटिंग खाते. आणि फिल्टर स्वतःच्या हाताने काढून रिंगवरून बोट फिरवा.

ती लेन्स अजून माझ्याकडेच आहे. दोष सांगितल्यावर कुणी घेत नाही, आणि न सांगता विकणं मला जमणार नाही.