जर्मन-जपानीचा क्लास लावताना: नुसती परकी भाषा, इंग्रजीचा आधार की मायबोलीची साथ?

जर्मनचा क्लास लावायचं ठरलं की पहिली चौकशी होते फीची आणि बॅचच्या वेळेची. माझं म्हणणं, त्याआधी एक विचारा: वर्गात शिकवतात कोणत्या भाषेतून? तीन प्रकार आढळतात. पहिला, आल्या दिवसापासून फक्त जर्मन. दुसरा, समजावणं सगळं इंग्रजीतून. तिसरा, बोलणं शक्य तितकं जर्मनच, पण अडेल तिथे मराठी, किंवा विद्यार्थ्याची जी घरची भाषा असेल ती.

पहिल्या प्रकाराची परंपरा मोठी आहे. 19व्या शतकाच्या अखेरीस बर्लिट्झ या भाषा शिकवणाऱ्या संस्थेच्या शाळांनी तो जगभर नेला. त्याचा खरा फायदा कानाला होतो. ओळख करून देणं, भाव विचारणं, वेळ सांगणं एवढं चित्रं आणि हातवाऱ्यांवर छान निभावतं, आणि बोलायची भीड लवकर चेपते. घरी इंग्रजी-मराठी दोन्ही सहज बोलणाऱ्या, चारचौघांत चुकायला न घाबरणाऱ्या मुलांना असा वर्ग मानवतो. पण ए2 पातळीला (ए1 ही पहिली पायरी, मग ए2, बी1, बी2 अशा पुढच्या) विभक्ती आणि जोडवाक्यं आली की गाडी अडते. शिक्षक हातवारे करत राहतात, मागच्या बाकावरची मुलं माना डोलावतात आणि घरी जाऊन यूट्यूबवर तोच धडा हिंदीत बघतात.

दुसरा प्रकार सगळ्यांत जास्त चालतो, आणि माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. इंग्रजी सगळ्यांना येते असं गृहीत धरलेलं असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून नर्सिंग केलेल्या मुलीला तिथे एका परक्या भाषेतून दुसरी परकी भाषा शिकावी लागते. ती मागे पडली की दोष तिच्या बुद्धीला लागतो. हे मला फार खुपतं. शिवाय जर्मन व्याकरणाच्या बऱ्याच जागी इंग्रजी मदत करत नाही, उलट चकवते.

उदाहरण बघा. 'आय अ‍ॅम कोल्ड'वरून मुलं 'इश बिन काल्ट' म्हणतात. जर्मन माणसाच्या कानाला ते 'मी थंड स्वभावाचा आहे' असं लागतं. बरोबर वाक्य आहे 'मिअर इस्ट काल्ट', म्हणजे सरळ आपलं 'मला थंडी वाजतेय'. 'आवडणं'ही तसंच. मी वर्गात फळ्यावर 'मिअर गेफेल्ट एस' लिहिते आणि प्रत्येकाला आपापल्या घरच्या भाषेत तेच लिहायला बोलावते. खाली एकेक ओळ येते: मला आवडतं, म्हाका आवडटा, मुझे पसंद है, ननगे इष्ट, एनिक्क् इष्टमाण्. मराठी, कोंकणी, हिंदी, कन्नड, मल्याळम. सगळीकडे 'मी' नाही, 'मला' आहे. नियम मी सांगायच्या आधी वर्गानेच सांगितलेला असतो. एरवी तोंड न उघडणारी मुलगी त्या दिवशी शेजारणीला समजावून देते. पुण्यातल्या बॅचमध्ये पाच भाषांची मुलं असतात, मग कोणाची मातृभाषा घ्यायची, असं विचारणाऱ्यांना मी हाच फळा दाखवते. शिक्षकाला त्या सगळ्या भाषा याव्या लागत नाहीत, विचारावं मात्र लागतं.

जपानीत तर हा फायदा आणखी मोठा. 'काल घेतलेलं पुस्तक' म्हणजे 'किनो कात्ता होन', शब्दाला शब्द, त्याच क्रमाने. इंग्रजीतून जाणाऱ्याला हेच वाक्य उलटंपालटं करावं लागतं. क्रियापद शेवटी, आणि नो, नि, कारा, मादे हे आपल्या चा, ला, पासून, पर्यंतसारखे नामाच्या मागे.

तिसऱ्या प्रकाराचे धोकेही आहेत आणि ते लहान नाहीत. 'मी तुला मदत करते' आणि 'मी तुला बघते' यांत मराठीला एकच 'तुला' पुरतो. जर्मनला पहिल्यात 'डिअर' लागतो, दुसऱ्यात 'डिश'. तीन लिंगं आपल्याकडेही आहेत, त्यामुळे ही कल्पना पटकन कळते, पण जर्मनमध्ये सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. तिथे मराठी बाजूला ठेवून शब्द लिंगासकटच पाठ करावा लागतो. सगळ्यांत वाईट म्हणजे काही वर्गांत तासभर मराठीत व्याख्यान चालतं आणि जर्मन वाक्यं जेमतेम ऐकू येतात. असा वर्ग पहिल्या प्रकारापेक्षाही निकामी.

आता तुमची गरज बघा. 2024मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून नर्सिंगवाल्यांची चौकशी वाढली आहे. त्यांना साधारणपणे बी2 लागतं, आणि वॉर्डात पेशंट काय म्हणतोय ते कळावंच लागतं. त्यांनी ए1-ए2 तिसऱ्या प्रकारच्या वर्गात करावं आणि बी1पासून जवळजवळ पूर्ण जर्मन वर्गात जावं. गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या बी1 परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे चारही भाग जर्मनमध्येच असतात, त्यामुळे हा बदल लांबवू नये. जपानीच्या जेएलपीटी या प्रमाणपत्र परीक्षेत एन5 ते एन1 अशा पाच पातळ्या आहेत, पण संभाषणाची परीक्षाच नाही. नुसत्या जेएलपीटीसाठी घोटून घेणाऱ्या क्लासमध्ये भाषा कोणतीही असो, तोंडाला सराव होत नाही. कंपनीत बोलावं लागणार असेल तर तिथे पहिल्या प्रकाराचा एखादा संभाषण वर्ग जोडीला लावाच. फ्रेंच-स्पॅनिश हौसेने शिकणाऱ्यांनी एवढा विचार नाही केला तरी चालेल.

डेमो लेक्चरला पुढे बसू नका, मागे बसा. तासात शिक्षक किती बोलतात आणि मुलं किती, ते बघा. शब्द अडल्यावर एखाद्याने मराठीत विचारलं तर शिक्षक काय करतात, इकडे खास लक्ष द्या. तेवढ्यापुरतं सांगून लगेच जर्मनवर आले तर उत्तम. 'नो मराठी प्लीज' म्हणून सगळ्यांसमोर गप्प केलं, तर फी कितीही कमी असो, दुसरा क्लास बघा.