गेमिलर की केकोवा : शिडाच्या नौकेने जाणाऱ्यांसाठी

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आठवडाभरासाठी शिडाची नौका भाड्याने घेणाऱ्यांपुढे बहुधा दोन लहान बेटांची नावे येतात. एक ओलुदेनिझजवळचे गेमिलर आणि दुसरे काश या बंदराच्या पूर्वेला असलेले केकोवा. दोन्हींवर बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) काळाचे अवशेष आहेत, आणि दोन्ही ठिकाणी पाणी असे निळे की फोटोंवरून निवड करणे अशक्य व्हावे. मी दोन्हीकडे नौका घेऊन गेलो आहे आणि माझा कल एका बाजूला आहे. तो का, हे इथे मांडतो. नौकेचा आकार, परवाना आणि भाड्याचे दर यांची माहिती सर्वत्र मिळते, म्हणून त्यात शिरत नाही.

निव्वळ बेट म्हणून पाहिले तर गेमिलर सरस आहे, हे आधीच मान्य करतो. तिकीट काढून बेटावर उतरता येते आणि पाण्याच्या काठापासून माथ्यापर्यंत चढत जाता येते. वाटेत चौथ्या ते सहाव्या शतकांतील चर्चचे अवशेष लागतात; कोसळलेल्या कमानी आहेत आणि पावसाचे पाणी साठवण्यासाठी बांधलेली टाकी आहेत, कारण बेटावर गोड्या पाण्याचा झरा नाही. सर्वांत विलक्षण आहे तो दोन चर्चना जोडणारा, उतारावरून वर जाणारा दगडी आच्छादित मार्ग. त्याचे छत बरेचसे पडले आहे, तरी त्यातून चालताना यात्रेकरूंची रांग कशी सरकत असेल याची कल्पना करता येते. १९९० च्या दशकात जपानच्या ओसाका विद्यापीठाच्या संशोधकांनी इथे काम केले. परंपरेने हे बेट संत निकोलसशी जोडले जाते. तो ज्या मिरा नगरीचा बिशप होता ती मात्र केकोवाच्या शेजारी, आजच्या देमरे गावात आहे. समोरच्या मुख्य भूमीवरून पायवाटेने कायाक्योय गाठता येते. १९२३ च्या ग्रीक-तुर्की लोकसंख्या अदलाबदलीनंतर ओस पडलेले हे गाव पाहायला वेळ राखून ठेवावा.

केकोवाचे तसे नाही. बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर जी बुडालेली वस्ती आहे, ती नौका हळूहळू पुढे नेत पाण्याच्या कडेने पाहायची. कातळात कोरलेल्या पायऱ्या समुद्रात उतरत जातात, घरांच्या अर्ध्या भिंती वर राहिल्या आहेत, पाण्याखाली काठाजवळ पायाचे दगड दिसतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील भूकंप हे त्याचे कारण सहसा सांगितले जाते. १९९० पासून हा परिसर विशेष संरक्षित आहे. अवशेषांपाशी नांगर टाकायला, पोहायला आणि बुडी मारायला मनाई आहे. म्हणजे ज्या बेटासाठी इतका प्रवास करायचा, त्याचा हा सर्वांत प्रसिद्ध भाग नौकेवरूनच पाहायचा असतो. कोणाला हे अपुरे वाटले तर ती तक्रार रास्त आहे.

तरीही माझे मत केकोवाकडे झुकले, आणि त्यामागे एकच गोष्ट आहे : गेमिलरची रात्र.

गेमिलर आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये चिंचोळी सामुद्रधुनी आहे. तिथे पाणी काठापर्यंत खोल असल्यामुळे मोकळा नांगर टाकून नौकेला फिरायला जागा मिळत नाही. म्हणून पुढून खोल पाण्यात नांगर सोडायचा, साखळी भरपूर द्यायची, नौका मागे मागे काठाकडे न्यायची आणि एकाने पोहत किंवा छोट्या होडीतून दोर नेऊन खडकाला बांधायचा. कोकणच्या किनाऱ्यावर शिकलेल्यांना एक सोय जाणवेल, ती म्हणजे भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी नगण्य असल्यामुळे दोराला त्यासाठी सैल ठेवावे लागत नाही. बांधणीचे हे कामही दोन-तीन वेळा केले की अंगवळणी पडते. त्रास सुरू होतो तो वारा पडल्यावर. दिवसभर पश्चिमेकडून आलेल्या वाऱ्याने उठवलेली लांब लाट सूर्यास्तानंतरही सामुद्रधुनीच्या टोकातून आत येत राहते. मोकळ्या नांगरावरची नौका वाऱ्याकडे आणि बहुतेक वेळा लाटेकडेही तोंड करून उभी राहते. पण पुढून नांगराने आणि मागून दोराने जखडलेल्या नौकेला वळताच येत नाही, आणि ती लाट थेट कुशीवर घेते. मग डोलकाठी या बाजूची त्या बाजूला जाते, कपाटातील कप एकमेकांवर आपटतात, शिडाचे दोर काठीवर ठकठक वाजत राहतात. दोर खडकाच्या धारेवर घासू नये म्हणून मी त्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून ठेवत असे, तरीही तो जागेवर आहे ना, हे विजेरीच्या उजेडात पाहायला उठावे लागे. सोबतच्या लोकांना झोप लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी सर्वांचा उत्साह मावळलेला असतो. शांत हवेत तिथे सुखाने रात्र काढलेले लोकही मला भेटले आहेत, त्यामुळे माझा अनुभव सर्वांना येईलच असे म्हणणार नाही. मला मात्र तो पुन्हा पुन्हा आला.

मला हे इतके महत्त्वाचे वाटते, कारण दिवसा बेट पाहायला स्वतःची नौका लागत नाही. ओलुदेनिझ आणि फेथियेहून दिवसाच्या बोटी गेमिलरला नेतात, केकोवासमोरच्या किनाऱ्यावरील उचाआझ गावाहून केकोवालाही नेतात, आणि त्या स्वस्त पडतात. आठवडाभराचे भाडे भरून आपण जे विकत घेतो, ते या बोटी परत गेल्यानंतरचे तास असतात. ते तासच जर दोर सांभाळण्यात जाणार असतील, तर माथ्यावरील चर्च कितीही सुंदर असले तरी हिशेब जुळत नाही.

केकोवाच्या आड उचाआझचे जवळजवळ बंदिस्त आखात आहे. प्रवेशाजवळ खडक आहेत, तेव्हा नकाशा समोर ठेवून दिवसाउजेडीच आत शिरावे. एकदा आत गेल्यावर उथळ पाणी आणि चिखलाचा तळ मिळतो. नांगर रुतून बसतो, आणि सकाळी साखळी वर घेताना काळा चिकट चिखल बादलीने धुवावा लागतो, तेवढेच काय ते काम. लाट आत पोहोचत नाही. छोटी होडी घेऊन कालेक्योयला जावे. प्राचीन सिमेनाच्या या गावात मोटाररस्ता जात नाही. किल्ल्यात कातळात कोरलेले सुमारे ३०० प्रेक्षकांचे चिमुकले नाट्यगृह आहे, आणि काठाजवळ पाण्यातच एक लिशियन (या किनाऱ्यावरील प्राचीन लिशिया प्रदेशाची) दगडी शवपेटी उभी आहे. आखातातील पाणी पोहण्यासाठी गेमिलरइतके स्वच्छ नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा फार होतो. मे-जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध मला अधिक मानवला.

केकोवाच्या विरोधात खरा मुद्दा अंतराचा आहे. बहुतेक नौका फेथियेजवळच्या गोचेक बंदरातून मिळतात. तिथून गेमिलर पंधरा-सोळा सागरी मैलांवर, तर केकोवा सुमारे ७० मैलांवर आहे. मध्ये येदी बुरुनलार, म्हणजे सात भूशिरांचा उघडा किनारा लागतो. तिथे आसरा जवळपास नाही, आणि दुपारनंतर पश्चिमेचा वारा व लाट दोन्ही वाढतात. जाताना वारा पाठीशी असल्याने मजा येते, पण परतताना तोच समोरून येतो, आणि पहाटे इंजिनावर निघून दुपारच्या आत हा टप्पा ओलांडण्याशिवाय पर्याय राहत नाही. नवख्या लोकांनी आणि लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी एका आठवड्यात गोचेकहून केकोवा करून परत येण्याचा बेत आखू नये, असे मला वाटते. त्यांच्यासाठी गेमिलर दिवसा पाहून रात्री गोचेकच्या आखातात परतणे बरे.

माझ्या मते यावर उपाय नौका घेण्याचे ठिकाण बदलणे हा आहे. काशहून केकोवा बारा-पंधरा मैल आहे आणि पूर्वेकडून फिनिकेहूनही अंतर फारसे अधिक नाही. अंताल्याच्या विमानतळावर उतरणाऱ्याला फिनिके गोचेकपेक्षा जवळ पडते. या बंदरांत भाड्याच्या नौका कमी असल्याने आरक्षण लवकर करावे लागते. गोचेकचीच नौका ठरली असेल, तर ती काशला सोडून देता येईल का आणि त्याचे वेगळे किती पैसे पडतील, हे आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. हा जादा खर्च मी एकदा केला आहे, आणि पुन्हा वेळ आली तर करीन.