डासांवरचे नैसर्गिक उपाय सोलापुरात वापरून : काय चाललं, काय नुसतं वासापुरतं

आधी घराची परिस्थिती सांगते म्हणजे अंदाज येईल. जुना भाग, तळमजला, समोर उघडं गटार, नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, त्यामुळे हौद, बॅरल, बादल्या कायम भरलेल्या. सासूबाईंना धाप लागते, पोरगी लहान, म्हणून कॉइल आणि लिक्विडचं मशीन दोन्ही बंद केलं आणि उन्हाळ्यापासून नैसर्गिक म्हणून जे जे सांगितलं जातं ते वापरत गेले. आता हुरड्याचा सीझन आलाय, म्हणजे ऊन, पाऊस, थंडी तिन्हीत बघून झालं.

सिट्रोनेला तेल, हे गवती चहाच्याच जातीतल्या गवताचं असतं, खोबरेल तेलात थोडे थेंब टाकून हातापायाला लावायचो. वास एकदम मस्त, आणि लावल्यावर डास खरंच लांब राहतात, पण ते तेल उडून जातं लवकर, त्यात एप्रिल-मेमधला आमचा घाम, त्यामुळे तासाभरात परत फटाफट मारणं सुरू. संध्याकाळी गच्चीवर थोडा वेळ बसायचं असेल तर ठीक, रात्रभरासाठी उपयोग नाही. आणि नुसतं तेल तसंच अंगाला लावू नका, आग होते, पुरळ येतं. कडुलिंबाचं तेल मला त्यापेक्षा जास्त टिकलं असं वाटलं पण वास असा की पोरगी माझ्या कुशीत यायला तयार नाही, आणि चादरीला जे पिवळे डाग पडले ते गेलेच नाहीत, चांगली सोलापुरी चादर होती हो.

यातल्या यात सगळ्यात पैसे वसूल झाले ते लेमन युकॅलिप्टसवाल्या स्प्रेचे. मेडिकलात सर्दीसाठी निलगिरी तेल मिळतं ते हे नव्हे, झाड वेगळं आहे, आणि यात पीएमडी नावाचा घटक असतो, लेबलवर बघून घ्या. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या डासरोधकांच्या यादीत डीईईटी या नेहमीच्या रासायनिक डासरोधकाच्या शेजारी याचंही नाव आहे. फक्त 3 वर्षांच्या आतल्या लेकरांना लावायचं नाही. गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर रात्री फिरताना हेच लावलं होतं, पोरीला फुल बाह्यांचा ड्रेस आणि पायात मोजे, कुणाला चावलं नाही म्हटलं तरी चालेल.

वासाचे बँड मिळतात ना मुलांच्या हातात घालायचे, ते घेऊ नका. बँडपासून दोन बोटांवर डास बसलेला मी डोळ्यांनी बघितलाय. झेंडू-तुळशीच्या कुंड्या खिडकीत ठेवल्या, दिसायला छान आहेत, राहू देत, पण पानं चुरगळल्याशिवाय वास बाहेर पडत नाही मग डासाला काय कळणार. कडुलिंबाचा पाला आणि उद टाकून गोवरीचा धूर केला की डास जातात हे खरं, पण सासूबाईंचा खोकला सुरू झाला दुसऱ्याच दिवशी. धूर पाल्याचा असो की कॉइलचा, छातीला धूरच. कापूर पण लहान बाळ असलेल्या घरात जपून, चुकून तोंडात गेला तर विषारी असतो.

आता ज्याला एक रुपया लागला नाही ते. फॅन! टेबल फॅन जमिनीजवळ, पायांच्या दिशेने. डासाला जोराच्या वाऱ्यात नीट उडता येत नाही आणि आपल्या श्वासातून जो कार्बन डायऑक्साइड जातो, ज्याच्या मागावर तो येतो, तो पण पसरून जातो. लाईट गेली की मग मच्छरदाणी, तिला पर्याय नाही, बाळासाठी तर नाहीच नाही.

पण खरा फरक पडला तो पाण्यामुळे. दिवसा चावणारा, पायावर पांढरे पट्टे असलेला डेंग्यूचा डास आपल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवस. म्हणून आठवड्यातून एकदा बॅरल रिकामं करायचं, आणि नुसतं ओतून द्यायचं नाही, आतून घासायचं, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोनमहिने टिकतात. कूलरचं पण तेच, उन्हाळा संपला की वाळ्याचे पॅड काढून टाकी घासून मगच झाकून ठेवा. पाणी पाच दिवसांनी येणाऱ्या घरात भरलेलं बॅरल ओतायला जीव होत नाही हे मला माहितीये, म्हणून आम्ही पाणी यायच्या आदल्या दिवशी घासतो, तळाचं पाणी अंगण धुवायला. प्यायच्या पाण्याला फडकं घट्ट बांधून, आणि वापरायच्या हौदात गप्पी मासे. पावसाळ्यानंतर दिवसा चावणं जे कमी झालं ते यानेच, तेलांनी नाही.

चावल्यावर काय? साबणाने धुवा, रुमालात बर्फ गुंडाळून दहा मिनिटं धरा, बस्स. खाज डासाच्या लाळेमुळे येते, त्यावर गार हा सगळ्यात चांगला इलाज. कोरफडीचा गर फ्रीजमध्ये ठेवून लावला तर अजून बरं. खायच्या सोड्याची पेस्ट बरी वाटते पण वाळली की सगळीकडे पांढरं पीठ सांडतं. लिंबू अजिबात लावू नका, तो रस लावून आपल्या उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि डाग राहतो. टूथपेस्ट, चुना पण नको.

हुरड्याला शेतावर गेलो तेव्हा भाच्याला मधमाशी चावली, मोठी माणसं चुना शोधायला पळाली, तोवर मी नखाने काटा खरवडून काढला, कारण काटा आत असेपर्यंत विष जात राहतं, कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व. ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला तर मात्र घरगुती काही न करता सरळ दवाखाना. विंचवाचं पण तसंच, त्यावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, त्यामुळे पाला-मंत्र करत बसू नका.

राहता राहिली खिडकीची वेल्क्रोवाली जाळी. काम चांगलं करते, पण मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीचा गोंद वितळून पट्टी सुटली. यंदा तिथे सुताराकडून लाकडी फ्रेम करून घेणार, बाकीच्या खिडक्यांना वेल्क्रो चालतंय.