घरगुती लेप, सहाएक महिन्यांनंतर: केस छान, चेहरा ठीक, मोरी तुंबली

प्लंबरने साडेचारशे घेतले. नहाणी ट्रॅपमधून त्याने काढलं काय, तर गुंतवळ, त्यावर थापून बसलेली मुलतानी माती आणि मेथीची सालं, असा गच्च बोळा. "वहिनी, सिमेंट ओतलं का काय यात?" असं विचारून गेला. तेवढ्या पैशांत माझे कितीतरी लेप झाले असते, म्हणून हे लिहायला बसले. कृती देत नाही, त्या मोबाइल उघडला की रोज दहा दिसतात. मला बोलायचंय ते लेप उतरवण्याबद्दल. व्हिडिओत बाई लेप फासते, हसते, आणि पुढच्या क्षणी तिचे केस धुऊन, वाळून, खांद्यावर मोकळे. मधलं कुणी दाखवत नाही.

तर केळं. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळ्याचा लेप म्हणजे फुकटचा लेप. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती मानाची केळी गाडीत चढून जातात. वापसीच्या, म्हणजे गाडीत न घेतलेल्या केळ्यांच्या फण्या घरी येऊन पडतात. त्या काळ्या पडून गुरांपुढे जायच्या आत दोन केळी मी उचलते. काट्याने कुस्करायची, खोबरेल घालायचं, केसांना लावायचं. इथवर सगळं गोड.

मग धुवायला बसायचं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे बादली मोजून वापरायची सवय. पहिल्या खेपेला दोन बादल्या संपल्या तरी केळं निघेना. शांपू तेल सोडवतो, केळ्याचा गर काही तेल नव्हे. त्याचे तंतू नि गुठळ्या पाण्यात विरघळत नाहीत, केसाला धरून बसतात. वाळल्यावर त्याचे तपकिरी कण होतात आणि दुसऱ्या दिवशी फणीतून पडत राहतात. लग्नाला जायचं होतं त्या दिवशी नणंद मागे बसून माझ्या केसांतून केळं वेचत होती. केळं कुस्करून लावा असं सांगणाऱ्याने स्वतः कमरेपर्यंतचे केस एकदा तरी धुतलेत का, हे मला खरंच विचारायचंय.

त्यानंतर उपाय सापडला. मिक्सरमधून अगदी बारीक फिरवायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळून गाळायचं. चाळणी चालत नाही, तंतू खाली उतरतात. लेप डोक्यावर सुकू द्यायचा नाही, आणि पाणी ओतत असतानाच मोठ्या दातांचा कंगवा फिरवायचा. असं केलं की कण राहत नाहीत. मी केळ्याला नापास करून टाकलं होतं, गाळायला लागल्यापासून पास केलं. काठावर, पण पास. गाळून हातात निम्मंच येतं, फडकं धुवायचं काम वाढतं, ते फडकं काळं पडतं, आणि सगळं करून जो मऊपणा येतो तो मेथीने जास्त येतो.

मेथीबद्दल माझं मत उलट्या बाजूने सरकलं. सुरुवातीला वासामुळे नको वाटायची. शेजारच्या जिजी अमळनेरकडच्या, त्या दारातूनच म्हणाल्या, "हाई काय करी राहिनी व माय, बाळंतीण शे का घरमा?" वास खरंच दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. पण रात्री भिजवलेली मूठभर मेथी सकाळी वाटली की जो बुळबुळीत लगदा होतो, त्याला तोड नाही. मेथीत गॅलॅक्टोमॅनन नावाचा डिंकासारखा घटक असतो, तो केसावर पातळ थर धरतो आणि गुंता सुटतो. हीही गाळूनच घ्यायची. न गाळलेल्या मेथीची सालं शेवटी कुठे जातात ते प्लंबरने दाखवलंच.

केस वाढले का, असं सगळ्या विचारतात. नाही. टाळूबाहेर आलेला केस मेलेलाच असतो, त्याला वरून काही खाऊ घालता येत नाही. फणीतले केस मी उजेडात धरून बघितले. मुळाशी पांढरी गाठ असलेले, म्हणजे मुळापासून गळलेले, आधी होते तितकेच आहेत. मधूनच तुटलेले तुकडे मात्र खूप कमी झाले. मेथीचं श्रेय तेवढंच, आणि मला ते पुरतं.

चेहऱ्याचं थोडक्यात. बेसन आणि दही रोजच्याला उत्तम. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट थर उरतो, बेसनाचा उरत नाही. मुलतानी मातीला उन्हाळ्यात पर्याय नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा नाकावरचं तेल तीच ओढते. पण कूलरसमोर बसून लावली तर बघता बघता तडकते, आणि तडकेपर्यंत ठेवली की कातडी ओढल्यागत होते. ओलसर असतानाच पुसावी. थंडीत मी तिला हात लावत नाही.

लिंबू चेहऱ्यावर नकोच. जाऊबाई लिंबू-हळद लावून, नीट न धुता दुपारी शेतात गेल्या. लिंबाचा रस त्वचेवर असताना ऊन लागलं की डाग पडतात, फोडसुद्धा येतात. त्यांच्या कपाळावरचा काळसर पट्टा जायला कितीतरी आठवडे लागले. खायचा सोडाही नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोडा त्याच्या उलट. नवीन काहीही असलं तरी आधी कोपराच्या आत थोडं लावून एक दिवस थांबावं. हळदीचा टॉवेल साबणात घातल्यावर लालभडक झाला तर घाबरू नका, क्षार लागला की हळद लाल होतेच, कुंकू असंच करतात. टॉवेल धुऊन कडक उन्हात टाकला की डाग फिका पडतो. ऊन आपल्याकडे भरपूर आहे.

उरलेला लेप फ्रिजमध्ये साठवायचा मोह होतो. मेथी तिसऱ्या दिवशी आंबली, दह्यातलं बेसन त्याआधीच. लागेल तेवढंच करावं.

आता हिशोब. इथल्या पार्लरमध्ये हेअर स्पाचे सात-आठशे घेतात, म्हणजे प्लंबर धरूनही मी फायद्यातच आहे. तरी ते साडेचारशे डोक्यातून जात नाहीत. आता मातीचा लेप आधी ओल्या फडक्याने पुसून काढते, फडकं मागच्या अंगणात बादलीत खळबळते आणि ते पाणी कढीपत्त्याला घालते. केसांचं पहिलं पाणीही तिथेच. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली, ती सासरे दर आठवड्याला उचलून बघतात आणि माझ्याकडे बघतात.

सध्या जवसावर आले आहे. दोन चमचे जवस, दोन कप पाणी, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार येईपर्यंत उकळायचं आणि गरम असतानाच गाळायचं. गार झालं की फडक्यातून एक थेंब उतरत नाही. केसांत कण नाहीत, वास नाही, थोडंसं लावून तसंच ठेवलं तरी चालतं. फक्त जवस आमच्या शेतात होत नाही, विकत आणावं लागतं, तेवढंच खटकतं.