बोक्यासाठी घेतलेला क्लिनिकचा वार्षिक प्लॅन: डॉक्टर एक नंबर, पण तो वजनकाटा!

प्लॅन रिन्यू करा म्हणून क्लिनिकचा मेसेज आलाय, आणि पैसे भरायच्या आधी हे लिहून टाकतेय कारण सोसायटीतल्या दोघीतिघी केव्हाच्या विचारतायत की घ्यावा की नको. प्लॅनमध्ये काय काय येतं ते तुम्हाला माहिती असेलच, सगळीकडे साधारण तेच असतं, तपासणी फी नाही, ट्रायकॅट (मांजरांची तीन रोगांवरची एकत्र लस) आणि रेबीजचे बूस्टर, डीवर्मिंग म्हणजे जंतांचं औषध, वर्षातून एकदा ब्लड टेस्ट. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. बोका पाच वर्षांचा, नसबंदी झालेला, घराबाहेर पडत नाही, नाव बाळू. क्लिनिकचं नाव लिहीत नाही, कारण मला त्यांची बदनामी करायची नाहीये, सुधारणा हवीय.

आधी काट्याबद्दल. तिथे दारातून आत गेल्यावर कोपऱ्यात तो जमिनीवरचा मोठा प्लॅटफॉर्म काटा आहे, कुत्र्यांसाठी. लॅब्रेडॉर उभा करायला ठीक आहे. त्यावर मांजर कॅरिअरसकट ठेवतात, आत बाळू गोल गोल फिरत असतो, आकडा वर खाली नाचत असतो, आणि तिथला मुलगा एक आकडा बघून मनातल्या मनात कॅरिअरचं वजन वजा करतो आणि फाईलवर लिहितो. कॅरिअर किती किलोचं आहे हे त्याला कोणी सांगितलं? माझं कॅरिअर जड प्लॅस्टिकचं आहे, शेजारच्या ताईंची कापडी पिशवी आहे, दोघींचं वजा होतं सारखंच. काटा मुळात शंभर शंभर ग्रॅमनं सरकतो, वर हा मुलगा आकडा अर्ध्या किलोला गोल करतो. फाईल उघडून बघितली तर बाळूचं वजन पावसाळ्यात साडेपाच, दिवाळीच्या आसपास साडेसहा, नंतर परत सहा. मी विचारलं की अहो हा मध्ये एक किलोनं वाढला आणि परत उतरला का, तर म्हणाला ताई थोडंफार इकडे तिकडे होतंच.

इथेच माझ्या डोक्यात तिडीक गेली. मांजराच्या बाबतीत थोडंफार काहीच नसतं. साठ किलोच्या माणसाचं सहा किलो वजन घटलं तर घरातले लगेच डॉक्टरकडे घेऊन जातील, सहा किलोच्या बोक्याचं तेवढंच घटणं म्हणजे सहाशे ग्रॅम, आणि ते त्या काट्याच्या आणि त्या मुलाच्या गोलमालात सहज गडप होतं. मांजर दुखणं लपवतं, कण्हत नाही, लंगडत नाही, एका कोपऱ्यात बसून राहतं आणि आपल्याला वाटतं झोपलंय. किडनी असो, थायरॉइड असो, दात असोत, पहिली खूण बऱ्याचदा वजनातच दिसते. औषधंही सगळी किलोवर. मांजराचं लिव्हर काही औषधं नीट निकामी करूच शकत नाही, आपली साधी पॅरासिटामॉलची गोळी त्यांच्या जिवावर उठते, कुत्र्यांच्या गोचिडांवर मानेवर टाकायचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला चालत नाही, वेदनाशामकं दिली तरी किडनी सांभाळून मोजूनमापून. असं असताना वजनच अंदाजपंचे?

मग मी काय केलं, आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. काकांचा इलेक्ट्रॉनिक काटा, पाच पाच ग्रॅमनं मोजणारा, वजनमापं खात्याचा शिक्का असलेला. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्यांनी साखरेचं पोतं बाजूला केलं, काट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, आधी रिकामं कॅरिअर ठेवून आकडा शून्य केला आणि मग म्हणाले आता घाला आत. बाळू आत गेला, दोन मिनिटं फुरफुरला, मग डाळीच्या वासाकडे नाक करून गप्प बसला. सहा किलो शंभर ग्रॅमच्या आसपास. त्याच आठवड्यात क्लिनिकच्या फाईलवर साडेपाच होतं. काकांनी पैसे घेतले नाहीत, वर म्हणाले वहिनी दर महिन्याला या, लिहून ठेवत जाऊ. किराणा दुकानात जे जमतं ते हजारोंचा प्लॅन विकणाऱ्यांना का जमू नये, हा माझा साधा प्रश्न आहे.

इथपर्यंत मी ठरवूनच टाकलं होतं की पुढच्या वर्षी प्लॅन नाही. पण मग ती रात्र आली आणि डॉक्टरांबद्दलचं माझं मत बदललं.

रात्री जेवणं झाल्यावर बाळू सारखा लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शी-सूच्या वाळूच्या डब्यात, जायला लागला. बसायचा, जोर करायचा, बाहेर यायचा, परत जायचा. मला आधी वाटलं पोट साफ होत नाहीये, पण लिटर चाळून बघितलं तर सूचा एक गोळा नव्हता, सगळं कोरडं. मग तो खालच्या आवाजात ओरडायला लागला, असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता, माझ्या पोटात गोळाच आला. प्लॅनच्या कार्डावरचा इमर्जन्सी नंबर लावला, वाटलं होतं कोणी उचलणार नाही, पण स्वतः डॉक्टर मॅडमनी उचलला. त्यांनी एवढंच विचारलं, बोका आहे ना, सूचा एक थेंब तरी आलाय का? मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, पोट दाबू नका, तेलबिल पाजू नका, सकाळची वाट बघू नका, निघा, मी क्लिनिक उघडते.

बोके पाळणाऱ्यांनी हे वाचाच. बोक्याची मूत्रनळी टोकाला फार अरुंद असते, तिथे खडे, वाळूसारखे क्रिस्टल किंवा चिकट गठ्ठा अडकला की लघवी तुंबते, कधी नुसत्या सुजेनं आणि आकडीनंही तुंबते. तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि त्याचा मार थेट हृदयावर बसतो. एकदोन दिवसात बोका दगावू शकतो. लोक बद्धकोष्ठ समजून एरंडेल देत बसतात आणि वेळ जातो. मॅडमनी आधी हाताच्या नसेत सलाईन लावलं, पोटॅशियम बघितलं, मग भूल देऊन नळी घातली. दोनेक दिवस ठेवून घेतलं, रोज लघवी किती उतरली त्याचे फोटो मला पाठवले. मायक्रोस्कोपखाली क्रिस्टल दाखवले, स्ट्रुव्हाइट, शवपेटीच्या झाकणासारखा आकार असतो त्यांचा. हे क्रिस्टल योग्य खाण्यानं विरघळू शकतात असं नीट समजावून सांगितलं. बाळू वाचला. या बाईंचे उपकार मी विसरणार नाही, एवढ्या रात्री कोण येतं हो?

पण त्याच रात्री मला जे दिसलं त्यानं माझा संताप दुप्पट झाला. भुलीच्या आधी मॅडमनी फाईल बघितली, वजनाच्या रकान्यावर एक नजर टाकली, काही बोलल्या नाहीत, आणि आतल्या ऑपरेशनच्या खोलीतून एक छोटा पांढरा काटा आणला, तान्ह्या बाळांचा असतो तसा, वर खोलगट ट्रे. बाळूला टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर ठेवलं आणि त्या आकड्यावर औषध काढलं. म्हणजे काटा होता! वर्षभर भिंतीपलीकडे होता! डॉक्टरांना फाईलमधल्या आकड्यावर विश्वास नाही, तर मग तो आकडा लिहिता कशाला?

बिलाचं थोडक्यात सांगते. अ‍ॅडमिट केलेलं प्लॅनमध्ये धरत नाहीत, दहा टक्के सूट तेवढी मिळते, ती कार्डावर लिहिलेली आहे त्यामुळे माझी तक्रार नाही. बिलात 'हँडलिंग चार्ज' म्हणून वेगळे पाचशे लावले होते, भुलीखालच्या बोक्याचं कसलं हँडलिंग, मी भांडले, त्यांनी काढले. तुम्हीही बिल ओळ न ओळ वाचून घ्या. लसीकरणाचं काम मात्र चोख, सर्टिफिकेटवर लसीचा स्टिकर, बॅच नंबर, डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर सगळं असतं. पुणे महापालिकेत 2022 पासून मांजरांचीही नोंदणी करावी लागते, त्यासाठी रेबीजचा कागद लागतो, तो एका फटक्यात चालला. वेटिंगमध्ये मांजरांना वेगळी जागा नाही, मी कॅरिअरवर ओढणी टाकून रिक्षातच बसून राहते, नंबर आला की फोन करतात.

आता परत काट्याकडे, कारण खरी गरज आता आहे. बाळू जाड आहे, आणि जाड, घरबशा, फक्त कोरडं खाणाऱ्या बोक्यांना हा त्रास परत होण्याची भीती जास्त. त्यामुळे ओलं खाणं वाढवलंय, घरात दोनतीन ठिकाणी पसरट भांड्यात पाणी ठेवलंय, आणि वजन उतरवायचंय, पण हळू. मांजर एकदम उपाशी राहिलं तर शरीरातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन साचते आणि ते वेगळंच जीवघेणं दुखणं होतं. मॅडमनी सांगितलं आठवड्याला साधारण एक टक्का उतरलं की पुरे. सहा किलोच्या बोक्याचा एक टक्का म्हणजे साठ ग्रॅम. शंभर ग्रॅमनं सरकणाऱ्या काट्यावर हे साठ ग्रॅम दिसणार कसे? वजन फार भराभर उतरतंय की उतरतच नाहीये, कसं कळणार? आमचं अख्खं डाएट सध्या किराणावाल्या काकांच्या वहीवर चाललंय.

हे सगळं मी मॅनेजरना लिहून दिलं. आधी म्हणाले मॅडम शंभर ग्रॅमनं काय होतंय, मग मी साठ ग्रॅमचा हिशोब समोर मांडला तेव्हा गप्प झाले. म्हणाले ओपीडीसाठी वेगळा छोटा काटा मागवलाय. मी दोन गोष्टी मागितल्यात, मांजर कॅरिअरमधून बाहेर काढून टॉवेलवर मोजायचं, आणि फाईलवर ग्रॅमपर्यंत लिहायचं, गोल करायचं नाही. दुसरीवर त्यांनी होकार दिलाय, पहिलीला स्टाफ घाबरतो म्हणतात, तर मी सांगितलंय बाळूला मी स्वतः धरेन.

ज्या दोघीतिघींनी विचारलं त्यांच्यासाठी: बोका असेल आणि रात्री फोन उचलणारा डॉक्टर जवळ हवा असेल तर प्लॅनचे पैसे वसूल आहेत. नुसत्या लसी हव्या असतील तर एवढे भरू नका, औंधच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात आधी चौकशी करा. मी अजून पैसे भरलेले नाहीत. शनिवारी बाळूचं रेबीजचं बूस्टर आहे, सकाळी काकांच्या काट्यावर मोजून नेणार, आणि क्लिनिकच्या नव्या काट्यावर तोच आकडा आला तर तिथेच काउंटरवर रिन्यू करणार.