अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स: खातं पाच मिनिटांत, व्यवहार मात्र उधारीवर

विद्यार्थ्याने विषय उत्तीर्ण होऊन मिळवलेले क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, एका ऑनलाइन खात्यात जमा ठेवणारी केंद्र सरकारची ही सेवा जुलै २०२१ पासून सुरू आहे. फी नाही. राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांनी परीक्षेच्या अर्जात तिचा बारा अंकी क्रमांक मागायला सुरुवात केल्यामुळे ती वापरायची की नाही हा प्रश्नही उरलेला नाही. कागदोपत्री हा क्रमांक, म्हणजे अपार आयडी, ऐच्छिक आहे, विद्यार्थ्याच्या संमतीनेच काढायचा. पण अर्जातला तो रकाना अडून बसला की संमती आपोआप मिळते.

खातं उघडणं हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग. आधारने डिजिलॉकरमध्ये शिरायचं, ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ शोधायचं. नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारवरून येतं, ते तिथे बदलता येत नाही. प्रवेशाचं वर्ष, ओळखीचा प्रकार (नवा प्रवेश, हजेरी क्रमांक, नोंदणी क्रमांक वगैरे), तो क्रमांक आणि संस्थेचं नाव एवढं भरून संमतीच्या चौकटीत खूण केली की कार्ड तयार. आधारशी जोडलेला मोबाइल हाताशी असेल तर पाच मिनिटं पुरतात. सरकारी सेवेला इतके गुण सहसा द्यावे लागत नाहीत: पाचपैकी साडेचार.

अर्धा गुण कापला तो संस्थेच्या यादीसाठी. संलग्न महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याने साधारणपणे विद्यापीठाचं नाव निवडायचं असतं. महाविद्यालय स्वायत्त असेल आणि त्याची स्वतंत्र नोंदणी असेल तर महाविद्यालयाचं. हे तिथे कुठेच धड लिहिलेलं नाही, म्हणून परीक्षा विभागात विचारूनच निवडा.

दुसरी ठरलेली अडचण नावाची. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव आणि पुष्कळदा आईचंही. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी, मधलं कधी असतं कधी नसतं. नुसता क्रम वेगळा असेल तर लिपिक तो जुळवून घेतो. स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर नोंद अडकते. दुरुस्तीचा क्रम चुकवू नका: आधी आधार दुरुस्त करायचं, मग डिजिलॉकरमधून बाहेर पडून पुन्हा शिरायचं आणि माहिती ताजी झाल्याची खात्री करायची, शेवटी महाविद्यालयाला कळवायचं. नवा आयडी काढण्याच्या फंदात पडू नका. एका विद्यार्थ्याचे दोन क्रमांक झाले की निम्मे क्रेडिट एकीकडे, निम्मे दुसरीकडे, आणि ते एकत्र करायला मिळणारं उत्तर बहुतेक वेळा ‘वर कळवलंय’ एवढंच असतं.

आता मुद्द्याचं. या खात्यात विद्यार्थ्याला स्वतः काहीही जमा करता येत नाही. निकाल लागल्यावर संस्थेने फाइल चढवायची, तेव्हाच क्रेडिट दिसतात. खातं उघडून दोन सत्रं झाली तरी शिल्लक शून्य, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार आहे आणि तिचं मूळ बहुतेक वेळा खात्यात नसून परीक्षा भवनात असतं. तिथला या कामासाठी नेमलेला नोडल अधिकारी निकालाच्या प्रणालीतून आकडे काढतो, ठरलेल्या साच्यात बसवतो आणि सीएसव्ही फाइल करून चढवतो. हे काम एक्सेलमध्ये होतं, आणि एक्सेल बारा अंकी क्रमांक १.२३ई+११ अशा रूपात दाखवतं. तो रकाना आधीच ‘टेक्स्ट’ केला नाही आणि फाइल तशीच जतन झाली, तर सगळ्या वर्गाचे आयडी एका झटक्यात निकामी. आसनक्रमांकाच्या सुरुवातीची शून्यंही अशीच गळतात. चढवलेली फाइल नाकारली गेली की चुका शोधायच्या, त्या वर्षी नाव बदललेल्या मुलींच्या नोंदी वेगळ्या काढायच्या, पुन्हा चढवायची. दरम्यान पुनर्मूल्यांकनात गुण बदललेले असतात आणि एटीकेटी सुटलेल्यांची नवी यादी आलेली असते. नापास विषयाचे क्रेडिट जमा होत नाहीत. तो सुटल्यावर सुधारित नोंद वेगळी पाठवावी लागते, आणि राहते ती नेमकी हीच. जमा होण्याला पाचपैकी अडीच, तेही जिथे परीक्षा विभागात पुरेशी माणसं आहेत तिथले.

माणसं का नाहीत, याचं उत्तर डिजिलॉकरच्या पडद्यावर सापडणार नाही. क्रेडिट नोंदवण्याचा आदेश दिल्लीतून, यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पत्राने येतो. राज्याच्या विद्यापीठातली शिक्षक-कर्मचाऱ्यांची पदं मंजूर करायची की गोठवायची हे मंत्रालय ठरवतं. निकाल वेळेत लावायची कायदेशीर जबाबदारी विद्यापीठाची: महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५. उशीर झाला तर कारणांसह अहवाल वर पाठवायचा. तिन्ही दोऱ्या तीन हातांत, आणि गाठ पडते ती कुलगुरूंच्या टेबलावर.

निकाल लांबला तर खुर्ची जाईल, ही कुलगुरूंची भीती पोकळ नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं घाईने ठरवलं. शिक्षकांचं प्रशिक्षण आणि स्कॅनिंगची घडी बसायच्या आत लाखो उत्तरपत्रिका येऊन पडल्या. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत हुकली आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलपती म्हणून राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं. निर्णय चुकलाच होता. पण तेव्हापासून नव्या प्रणालीचं नाव निघालं की विद्यापीठांत आधी आकडा दाखवायची घाई होते. किती विद्यार्थ्यांची खाती उघडली हा आकडा दाखवायला सोपा. महाविद्यालयं-विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या स्वयंमूल्यांकन अहवालातही नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या तयारीखाली क्रेडिट बँकेबद्दल लिहावं लागतं. म्हणून वर्गावर्गात आयडी काढायची शिबिरं होतात. त्या खात्यांत पुढे काय पडलं, याची विचारपूस करणारं शिबिर मात्र कुठे लागलेलं दिसत नाही.

आता हस्तांतर, म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप. जाहिरात सांगते: एका विद्यापीठातले क्रेडिट घेऊन दुसरीकडे जा, मध्येच थांबा, परत या. नियमही उदार आहेत. क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात. पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान निम्मे क्रेडिट मिळवलेले असले की उरलेले बाहेरचे चालतात. प्रत्यक्षात पुण्याहून नागपूरला बदली मागणाऱ्याला आजही मायग्रेशन सर्टिफिकेट, पात्रता विभागाची खिडकी, जागा रिकामी असल्याचा दाखला आणि अभ्यासक्रमाची समकक्षता हे सगळं जुन्याच वाटेने करावं लागतं. समकक्षता अभ्यास मंडळ बघतं, पडदा बघत नाही. एकाकडे तिसऱ्या सत्रात असलेला विषय दुसरीकडे चौथ्यात, एकाकडे चार क्रेडिटचा तर दुसरीकडे दोनचा. घेणाऱ्या संस्थेने मान्य केल्याशिवाय खात्यातले क्रेडिट हे फक्त वाचायचे आकडे. पाचपैकी एक गुण, आणि तोही नियम छापून आल्याबद्दल.

स्वयम् किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन मंचांवरचा अभ्यासक्रम करणाऱ्यांनी विशेष जपावं. २०२१ च्या नियमांनी एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम् वरून घ्यायला मुभा दिली आहे, पण कोणते चालतील ते विद्यापीठाची विद्या परिषद ठरवते. यादीत नसलेला अभ्यासक्रम करून आलात तर प्रमाणपत्र तुमचं, क्रेडिट खात्यात, आणि गुणपत्रिकेवर काही नाही. नाव नोंदवण्यापूर्वी विभागप्रमुखांकडून लेखी होकार घ्या.

राज्याची सीमा ओलांडली की अडचण दुप्पट होते. शिक्षण १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत आलं, त्यामुळे केंद्राने सेवा काढायची आणि राज्यांनी आपापली पदवी ठरवायची असा संसार चालू आहे. कर्नाटकाने २०२१ मध्ये देशात सर्वांआधी नव्या धोरणातली चार वर्षांची पदवी घेतली. सरकार बदललं, नव्या सरकारने सुखदेव थोरात (होय, आपले अमरावतीकडचे, यूजीसीचे माजी अध्यक्ष) यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, आणि मे २०२४ मध्ये नव्या तुकड्यांसाठी पुन्हा तीन वर्षांची पदवी आली. महाराष्ट्रात त्याच वर्षी संलग्न महाविद्यालयांत नेमका उलटा प्रवास सुरू होत होता. बेळगावहून कोल्हापूरला शिकायला येणाऱ्या मुलाच्या खात्यातले क्रेडिट दोन्हीकडे दिसतील. त्यांचा अर्थ मात्र कोणतं सरकार कधी आलं यावर अवलंबून.

पैशाचं टोकही लक्षात घ्या. राज्यांच्या उच्च शिक्षणाला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम-उषा योजनेची रक्कम २०२३-२४ पासूनच्या तीन वर्षांसाठी सुमारे १२,९२६ कोटी. बहुतेक राज्यांत केंद्र-राज्य वाटा ६०:४०, आणि निवडक ३५ विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी. त्यासाठी राज्याने नवं धोरण राबवण्याचा सामंजस्य करार करायचा. तामिळनाडू आणि केरळने बराच काळ सही केली नाही आणि त्यांच्या विद्यापीठांचे प्रस्ताव लटकले. सही करणं न करणं कुलगुरूंच्या हातात नव्हतं. रिकामी प्रयोगशाळा मात्र त्यांच्या आवारात होती.

महाराष्ट्राचा प्रश्न वेगळा. इथे सही झाली, पण सही राबवणारी खुर्ची रिकामी होती. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने विद्यापीठ कायद्याचं दुरुस्ती विधेयक मंजूर केलं: शिक्षणमंत्री प्र-कुलपती होणार, कुलगुरूपदासाठी राज्य सरकार दोन नावं राज्यपालांकडे पाठवणार. विधेयक अडलं, पुढच्या सरकारने ते मागे घेतलं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ मे २०२२ पासून आणि मुंबई विद्यापीठ सप्टेंबर २०२२ पासून प्रभारी कुलगुरूंवर चाललं. पूर्णवेळ नेमणुका जून २०२३ मध्ये झाल्या. चार वर्षांच्या पदवीचा शासन निर्णय आला २० एप्रिल २०२३ ला. म्हणजे राज्यातल्या दोन सर्वांत मोठ्या विद्यापीठांत नव्या श्रेयांक आराखड्याची पायाभरणी व्हायची, तेव्हा तिथे कायमचा धनी नव्हता. प्रभारी माणूस रोजची सही करतो; नव्या पदांची मागणी आणि परीक्षेच्या प्रणालीची फेररचना असले पाच वर्षं निस्तरावे लागणारे निर्णय तो पुढच्यासाठी ठेवतो, आणि त्याचं चुकतं असंही म्हणता येत नाही.

कुलगुरू आणि शिक्षकांच्या नेमणुकांबद्दलच्या यूजीसीच्या जानेवारी २०२५ च्या नियम-मसुद्याने आणखी एक पेच घातला. नियम न पाळणाऱ्या संस्थेला यूजीसीच्या योजनांतून वगळायची, पदवी अभ्यासक्रम चालवण्यापासून रोखायचीही तरतूद त्यात होती. राज्याचा कायदा एक सांगतो आणि यूजीसीचा नियम दुसरं, अशा वेळी कुलगुरूंनी कुणाचं ऐकायचं, याचं उत्तर मसुद्यात एवढंच: आमचं.

तेव्हा वापरणाऱ्यांनी काय करावं? प्रत्येक निकालानंतर महिन्याभराने खातं उघडून त्या सत्राचे क्रेडिट मोजा. राज्याच्या आराखड्यात सत्राला २० ते २२ असतात. कमी दिसले तर विषयाचा कोड आणि आसनक्रमांक लिहून परीक्षा विभागात अर्ज द्या, पोच घ्या, आणि नोडल अधिकाऱ्याला त्याची प्रत द्या. ‘खात्यात क्रेडिट दिसत नाहीत’ एवढंच लिहिलेला अर्ज कुणी हातात घेत नाही. छापील गुणपत्रिका जपून ठेवा. बदलीच्या वेळी अजून तीच चालते. पदवीसाठी एकदा वापरलेले क्रेडिट खात्यातून कायमचे वजा होतात, तेव्हा दुसऱ्या पदवीला तेच पुन्हा धरायचा बेत आखू नका.

आणि पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचा विचार असेल तर ४० ते ४४ क्रेडिटवर भागत नाही. वर चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप लागते, आणि ती बहुधा उन्हाळ्यात करावी लागते. तुमचं महाविद्यालय ती खरोखर चालवतं का, हे मार्चमध्येच विचारा. जूनमध्ये विचारलंत तर एक वर्ष गेलं.