कागदी स्टॉप-मोशन: सांध्यांची बाहुली की दर फ्रेमला नवी आकृती?

स्टॉप-मोशन म्हणजे आकृती थोडी थोडी बदलत फोटो काढून ते सलग दाखवणं; असा प्रत्येक फोटो म्हणजे एक फ्रेम. सेकंदाला 12 फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांना 120 फोटो लागतात. ते एकच बाहुली हलवत काढायचे, की प्रत्येक टप्प्याची आकृती वेगळी कापायची, हे कात्री हातात घेण्याआधी ठरवा.

बाहुलीसाठी 200 ते 250 जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डशीट घ्या. झेरॉक्सचा 80 जीएसएमचा कागद हाताच्या घामानेच वाकडा होतो. डोकं, धड, हाताचे दोन-दोन आणि पायाचे दोन-दोन असे दहा तुकडे पुरतात. कोपर-गुडघ्याशी दोन्ही तुकड्यांची टोकं सारख्याच गोलाईची कापून एकमेकांवर ठेवा आणि भोक गोलाच्या मध्यावर पाडा. ते बाजूला गेलं की हात वाकवताना सांध्याशी फट दिसते. जोडायला दोरा ओवून दोन्हीकडे गाठ मारणं उत्तम. धातूची पिन टिकते, पण फोटोसाठी वरून ठेवलेल्या काचेखाली बाहुली सपाट बसत नाही. सांधा सैल असेल तर हात हलवताना खांदाही सरकतो. अभिनयाचा, लांब प्रसंग असेल तर हाच मार्ग. मात्र बाहुलीला मान वळवून समोर बघता येत नाही.

आकृती बदलत जाणाऱ्या पद्धतीत वळणं, फुगणं, माशाचा पक्षी होणं, सगळं जमतं. कापाकापी भरपूर, तरी चालणं इथे स्वस्त पडतं: आठ आकृत्यांत दोन पावलं होतात, मग त्याच पुन्हा वापरायच्या. जागा मात्र नेमकी हवी. पुठ्ठ्याचा काटकोनी कोपरा टेबलावर चिकटवून प्रत्येक कागद त्यालाच टेकवा, नाहीतर पात्र थरथरतं. कडा किंचित वेगळ्या कापल्या गेल्याने होणारी वळवळ वाईट दिसत नाही, उलट जिवंत वाटते.

घडी घालून उभ्या केलेल्या आकृत्या पंख्याच्या वाऱ्यानेही पडतात. पहिल्या प्रयोगाला नकोत.

फ्लिकर, म्हणजे फोटोगणिक उजेड कमी-जास्त होऊन चित्र लुकलुकणं, दोन्हीकडे सारखाच छळतो. खिडकी झाका, फोनच्या कॅमेऱ्यात फोकस, एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करा, वीज 50 हर्ट्झची असेल तर शटर 1/50 सेकंद ठेवा. दिवे दोन्ही बाजूंनी 45 अंशांत लावले की काचेवर चमक येत नाही. फोटो वायरच्या इअरफोनच्या व्हॉल्यूम बटणाने काढा, म्हणजे फोन हलत नाही.

वीस सेकंदांहून मोठी गोष्ट असेल तर आम्ही मिश्रण सुचवू: धड-हात-पाय सांध्यांचे, डोकी आणि पंजे बदलते. तीन डोकी पुरेत: समोरचं, बाजूचं आणि अर्धवट वळलेलं. ती मानेला ब्लू-टॅकच्या (पुन्हा काढता येणाऱ्या चिकट मातीसारख्या पदार्थाच्या) अगदी छोट्या गोळीने चिकटवा. गोळी मोठी झाली तर डोकं उचललं जातं आणि धडावर सावली पडते.